दिवटीखालची पाटी

एका म्हाताऱ्या माणसाला मी त्याच्याच घराण्याबद्दलची पाटी खोटी वाचून दाखवली. पाटी मीच लिहिली होती. त्याला बारीक अक्षर दिसत नव्हतं. त्यानं विश्वासानं विचारलं, "काय लेहलं बाप्पा इथं?" आणि मी काचेवर बोट ठेवून, शब्दाशब्दावर थांबत, तिथं नसलेलं वाक्य वाचलं. आजवर माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या, त्यातल्या बहुतेक नंतर कळल्या. ही मात्र करतानाच मला कळत होती.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इतिहास शिकवतो. आमच्याकडे बंद पडलेल्या जिनिंगचं एक ऑफिस होतं. पूर्वी तिथं कापसाच्या गाड्यांचं वजन व्हायचं. गावातल्या काही लोकांनी कमिटी करून त्या जागेत लहानसं संग्रहालय काढलं आणि इतिहासाचा माणूस म्हणून मला बोलावलं. विषय ठरलेलाच होता. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी इंग्रजांविरुद्ध उठलेली एक फौज सातपुड्याचा घाट उतरून आमच्या भागातून दक्षिणेकडे गेली होती. म्हातारे लोक तिला 'बंडवाल्याची फौज' म्हणतात. आम्ही दारावर लिहिलं, 'क्रांतिसेनेची ऐतिहासिक कूच'.

खोलीत मोठी अशी एकच गोष्ट होती, भिंतीवरचा नकाशा. प्लायवूडवर डोंगर, नद्या, गावं रंगवलेली आणि वाटेवर बारीक दिवे बसवलेले. बटण दाबलं की घाटापासून एकामागून एक दिवे लागत खाली यायचे. शेवटचा नदीच्या उतारावर, जिथून पायी पार होता येतं तिथं, तो लाल. तिथं फौज पाण्यात असतानाच इंग्रजांनी तिला गाठलं. अर्धी पार झाली, अर्धी तिथंच राहिली. बाकीच्या वस्तू लोकांच्या माळ्यावरून आल्या होत्या: गंजलेली रिकीब, तलवारीचं तुटकं पातं, दगडी गोळा. आणि काचेच्या कपाटात एक दिवटी.

ही दिवटी बाबांची. बाबा म्हणजे माझ्या शाळेतल्या मित्राचे वडील. आमच्या वस्तीवर हायस्कूल नव्हतं म्हणून मी त्यांच्या गावी चालत जायचो आणि दुपारी त्यांच्याच घरी जेवायचो. मित्राच्या ताटाशेजारी माझं ताट न सांगता पडायचं. मित्र पुढे नाशिकला कंपनीत लागला. मी मास्तर झालो तरी बाबांच्या लेखी ते जेवायला येणारं पोट्टंच राहिलो.

त्यांच्या घराण्याकडे गावदेवीच्या यात्रेत दिवटीचा मान आहे. चैत्रात दिवेलागणीला पालखी निघते, तिच्यापुढं बाबा जळती दिवटी घेऊन चालतात. लोखंडी दांडा, वर पितळी वाटी, तिच्यात कापडाचा पलिता. दारावरून दिवटी जाताना प्रत्येक घर तिच्यात थोडं तेल घालतं, आणि त्या तेलावरच ती देवळापासून वेशीपर्यंत जळत जाते. दिवटीवाल्यानं स्वतःच्या घरचं तेल घालायचं नाही, गावचंच पाहिजे. आणखी एक नियम आहे. दिवटीवाल्यानं वेस येईपर्यंत मागं वळून पाहायचं नाही. पालखी मागं आहे हे त्यानं धरूनच चालायचं.

बाबांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगतात की बंडवाल्याची फौज घाट उतरली, तेव्हा त्यांचा पूर्वज हीच दिवटी घेऊन तिच्यापुढं चालला होता. वाट दाखवायला. मानही तेव्हापासूनचा. आम्ही संग्रहालय काढतोय हे कळल्यावर बाबा एसटीनं आले, दिवटी पंच्यात गुंडाळून मांडीवर घेऊन.

"घे बे मास्तर," ते म्हणाले. "घरी माळ्यावर पडून राह्यते. इथं चार लोकं तं पाह्यतीन. चैताची यात्रा आली का मी येतो अन् घेऊन जातो. यात्रा झाली का पुन्हा तुह्यापाशी."

उद्घाटनाआधी आम्ही काही मंडळींना नकाशा दाखवला. दिवे लागत गेले, शेवटी लाल दिवा लागला, आणि जो तो एकच विचारायला लागला, "हरले काऊन?" जुन्या कागदात फक्त एवढंच होतं की फौज उतारावर सापडली. कशी सापडली, ते नाही.

उत्तर कमिटीच्या अध्यक्षांनी दिलं. ते बाबांच्याच गावचे मोठे बागायतदार. त्यांची संत्र्याची बाग आणि बाबांचं शेत यांच्यामधून एक पांदण, बैलगाडीची वाट, जाते आणि त्या पांदणीवरून दोन्ही घरांचा जुना वाद आहे. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी नंतर स्वतःलाच पटवायचा प्रयत्न केला, म्हणून इथं लिहून ठेवतो.

"सर, दिवटी पुढं होती हे खरं हाय," ते म्हणाले. "पण ते उतारावर काऊन पेटवली, कोणाले दिसावं म्हणून पेटवली, हे इचारा ना. आमच्या आजोबाच्या तोंडून आयकलं हाय म्या. टेकडीवर गोऱ्याचे सैन्य बसले होते. इशारा होता तो."

"पण त्यांच्या घरी तर वेगळं सांगतात," मी म्हणालो.

"मंग? ते काय सांगतीन, आमीच घात केला म्हनून?" ते हसले. "इतिहास लेहा सर. आरती नका लेहू."

ते वाक्य मला लागलं. आपण भाबडे नाही, आपण अभ्यासक आहोत, हे दाखवायची संधी वाटली. मी घरी येऊन पाटी लिहिली: 'ही दिवटी उतारावर पेटवून शत्रूला इशारा दिला गेला आणि त्यामुळे क्रांतिसेना घेरली गेली, असे सांगतात. दिवटीचा मान आजही त्याच घराण्याकडे आहे.' घराण्याचं नाव मी टाकलं नाही. गावात दिवटी एकाच घरात आहे, नावाची गरज नव्हती. 'असे सांगतात' हे दोन शब्द घातले आणि माझी जबाबदारी संपली, असं मी समजलो.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. ती पाटी मला आवडली होती. लोक इतर वस्तूंसमोरून गप्पा मारत जायचे आणि दिवटीसमोर आले की गप्प व्हायचे. कोणीतरी हळूच "हात्तिच्या" म्हणायचं. मी दाराशी उभा राहून ती शांतता ऐकायचो. सगळ्यात जास्त वेळ लोक तिथंच थांबतात, याचा मला अभिमान होता.

मग शाळांच्या सहली आल्या. बाबांच्या गावची शाळाही आली. पोरांनी पाटी मोठ्यानं वाचली, कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि तो संध्याकाळपर्यंत त्यांच्या गावच्या ग्रुपवर गेला. त्या दिवसानंतर तिथं काहीतरी बदलायला लागलं. मोठं काही झालं नाही, भांडण नाही, शिवीगाळ नाही. तसं झालं असतं तर मी कदाचित आधी जागा झालो असतो. माझ्या कॉलेजातल्या एक बाई त्या गावाहून रोज येतात. त्या एकदा डबा खाताना म्हणाल्या, "सर, त्या दिवटीवाल्यांच्या घरी आता कोणी विरजण मागायला जात नाही." मी म्हटलं, उन्हाळ्यात दूधच कमी असतं. त्यांनी डबा बंद केला. पुढं कळलं, बाबांच्या पांदणीवर कोणीतरी बाभळीचे काटे आणून टाकले. मग बाबा देवळाच्या पारावर जाऊन बसले की पारावरची माणसं एकेक करून उठतात. प्रत्येकाला त्याच वेळी काहीतरी काम आठवतं.

मी हे सगळं ऐकत होतो आणि रोज संध्याकाळी त्या कपाटाला कुलूप लावत होतो. पाटी दोन स्क्रूंवर होती. स्क्रूड्रायव्हर टेबलाच्या खणात होता.

यात्रेच्या आधी बाबा दिवटी न्यायला आले. दुपारची वेळ, बाहेर ऊन रखरखत होतं, खोलीत कोणी नव्हतं. ते कपाटापुढं वाकून, डोळे बारीक करून काचेत पाहू लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण बारीक अक्षर त्यांना लागत नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, "लोकं काही बाही बोलून राह्यले. म्हनतेत, तुह्या घरच्याबद्दल वंगाळ लेहून ठेवलं तिथं. म्या म्हटलं, मास्तर लेहीन का तसं? माह्या घरी जेवलेला माणूस हाय तो. तूच वाच बाप्पा. काय लेहलं इथं?"

मी काचेवरून पाटीवर बोट ठेवलं. बोटाखाली 'शत्रूला' हा शब्द होता. आणि मी वाचलं, "ही दिवटी घेऊन या गावचा एक शूर माणूस क्रांतिसेनेच्या पुढे चालला. दिवटीचा मान आजही त्याच घराण्याकडे आहे."

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "अजून एकडाव."

मी पुन्हा वाचलं. या वेळी आवाजही नीट लागला.

बाबांनी पंच्याच्या टोकानं काच पुसली. "बस," ते म्हणाले. "आता कोणी बोललं तं सांगतो, मास्तरनं सोता वाचून दाखवलं मले. बसा म्हना आता बोंबलत." मी कपाट उघडून दिवटी दिली, ती काखेत घेऊन ते निघाले. दारातून वळून म्हणाले, "यात्रेले ये बरं. रोडगे हायेत." मी हसून मान हलवली.

त्या संध्याकाळी मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला होता. पण यात्रेच्या तोंडावर पाटी काढली तर ती चुकीची होती असं होईल, अध्यक्ष विचारतील, लोक विचारतील. यात्रा होऊन जाऊ दे, मग गुपचूप बदलू, असं म्हणून मी तो खणात ठेवला.

यात्रेच्या सकाळी नाशिकहून मित्राचा फोन आला. तो गाडीत होता.

"काऊन बे, ते पाटी तू लेहली?"

"कमिटीनं ठरवलं होतं," मी म्हणालो.

"म्या तुले कमिटी इचारली का?"

मी उठून दार लोटून घेतलं.

"माह्या बापाले अजून वाटून राह्यलं का तसं काही नाहीच. सगळ्या गावाले सांगून राह्यला, मास्तरनं वाचून दाखवलं. लोकं हासून राह्यले त्याच्यावर. येतो मी, थांब." फोन बंद झाला.

मी गेलो नसतो तरी चाललं असतं. पण घरात बसवेना. मी पोचलो तेव्हा देवळामागच्या वावरात गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास येत होता. एरवी पहिला रोडगा दिवटीवाल्याला देतात. त्या वर्षी तो कोणाला दिला, मी पाहिलं नाही. बाबांचे हात रिकामे होते एवढं दिसलं. ते धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गुलाल लावून, देवीसमोर उभे होते. त्यांनी दिवटी पेटवली आणि निघाले.

पहिलं तेल अध्यक्षांच्या घरचं असतं. ते ओट्यावर उभे होते, पालखीच्या दिशेनं हात जोडून. हातात तेलाचं भांडं नव्हतं. बाबा क्षणभर थांबले आणि पुढं गेले. दुसऱ्या दारात एक बाई उभी होती, ती पदर सावरत आत गेली. तिसरं दार लोटलेलं होतं. पुढच्या दारात भांडं दिसलं, पण ते तिथंच खाली ठेवलेलं राहिलं. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. ढोल वाजतच होता.

मग माझ्या लक्षात आलं की ढोल मागं राहतोय. पालखीवाल्यांनी पावलं आखडती घेतली होती. वळणाशी आल्यावर ते थांबलेच. बाबा पुढं चालत होते, नियमाप्रमाणे मागं न पाहता. गल्लीत त्यांच्यामागं अंतर वाढत चाललं होतं आणि त्या रिकाम्या अंतराच्या मध्ये, भिंतीला लागून, मी उभा होतो. दिवटीची ज्योत खाली बसत होती. आधी ती पिवळी होती, मग लालसर झाली, मग धूरच जास्त. शेजारी किराण्याचं दुकान उघडं होतं. पिशवीभर तेल घ्यायला आणि चार पावलं चालायला कितीसा वेळ लागला असता. मी हललो नाही. सगळं गाव पाहत होतं, आणि मला वाटलं, आपण आता पुढं झालो तर सगळ्यांना कळेल.

वेशीत पोचून बाबा वळले. पालखीला ओवाळण्यासाठी त्यांनी दिवटी वर उचलली. समोर पालखी नव्हती. लांबून मित्र तेवढा पळत येत होता, घरचं तेल घेऊन, जे चालत नाही. तो पोचायच्या आत पलिता विझला.

बाबांनी गल्लीभर पाहिलं आणि त्यांना मी दिसलो.

"मास्तर!" ते ओरडले. आवाज फाटला होता. "सांग याहिले! तू वाचून दाखवलं ना मले? सांग काय लेहलं ते!"

सगळ्या गल्लीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून म्हणालो, "बाबा, तुम्ही घरी चला. नंतर बोलू."

मागून कोणीतरी म्हणालं, "बुढा खोटं बोलते. पाटी तं मोबाईलवर हाय माह्या." आणि हसण्याचा आवाज आला. मित्रानं वडिलांच्या हातून दिवटी घेतली आणि त्यांना खांद्याला धरून घराकडे नेलं. चालताना बाबा त्याला काहीतरी विचारत होते. ते काय विचारत असतील याचा अंदाज मला होता.

दिवटी संग्रहालयात परत आली नाही. काचेचं कपाट रिकामं राहिलं, खाली पाटी तशीच. लोक आता त्या रिकाम्या कपाटापुढं पूर्वीपेक्षाही जास्त वेळ थांबत. मी पावसाळा, हिवाळा असेच काढले. बाबांच्या घरी जायला निघायचो आणि नदीच्या उतारावरून परत फिरायचो. कॉलेजातल्या बाईंना विचारायचं टाळायचो, तरी त्या सांगायच्या. बाबा पारावर येत नाहीत. शेतात जातात तेही मागच्या बाजूनं. बोलले तर एकच बोलतात, मास्तरनं मला वाचून दाखवलं होतं. म्हातारपणानं डोकं फिरलंय, असं आता सगळे धरून चालले आहेत.

पुढच्या यात्रेआधी त्याच बाईंनी सांगितलं की देवळात बैठक आहे. दिवटीचा मान बाबांच्या घरातून काढून अध्यक्षांच्या पुतण्याकडे द्यायचा ठराव आहे. बाबांना दिवटी घेऊन यायला सांगितलं आहे. सोपवून द्यायला.

एकदा दुसऱ्या घरात गेलेला मान परत येत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी संग्रहालय उघडलं, खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पाटी उतरवली. इतके दिवस जे मला जमत नव्हतं, ते एवढ्याशा वेळात झालं.

सभामंडपात गाव बसलं होतं. बाबा खांबाला टेकून, मांडीवर दिवटी आडवी धरून. एसटीतून आणताना होता, तसाच पंचा तिच्याभोवती होता. वर्षभरात ते निम्मे झाले होते. मित्र त्यांच्याशेजारी बसला होता.

"या सर," अध्यक्ष म्हणाले. "तुमी कायले आले इतक्या उन्हाचे? हे आमचं गावातलं हाय."

"मला थोडं बोलायचं आहे."

"बैठक झाल्यावर बोलू ना."

"बोलू द्या त्याले," मित्र म्हणाला. माझ्याकडे न पाहता.

मी पिशवीतून पाटी काढली. ती दोन्ही हातांनी धरली, आणि जशी लिहिली होती तशी वाचली. 'शत्रूला इशारा' या शब्दांपाशी अडखळलो, तिथं पुन्हा मागून सुरुवात केली. वाचून झाल्यावर मी म्हणालो की उतारावर फौज का सापडली हे मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही, तसा एकही कागद मी पाहिलेला नाही. एका माणसाच्या तोंडून ऐकलं, दुसऱ्या घरातलं ऐकूनही सोडून दिलं, आणि लिहिलं. कोणाच्या तोंडून, ते मी सांगितलं नाही. लिहिणारा हात माझा होता. अध्यक्ष छताकडे पाहत होते.

बाबांनी मान वर केली. त्यांना माझा चेहरा नीट दिसत असेल की नाही, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्यापुढं जाऊन खाली बसलो आणि पाटी त्यांच्या पायाशी ठेवली.

"बाबा," मी म्हणालो, "तुम्ही मला वाच म्हणालात, तेव्हा इथं हे लिहिलेलं होतं आणि मी दुसरंच वाचलं. दोनदा वाचलं. तुम्ही वर्षभर गावाला जे सांगत होतात ते खरं होतं, खोटं मी बोललो होतो. वेशीत तुम्ही मला हाक मारली तेव्हाही मी बोललो नाही. तुमच्या दिवटीत तेल पडलं नाही ते माझ्यामुळं. माझं चुकलं, बाबा. मला माफ करा."